शांत पेटीतली तीस अंडी

सकाळचे सहा वाजून बावीस मिनिटे झाली होती आणि सत्यवान गवस शांत पेटीतले चौदावे अंडे फिरवत होता. अंड्याच्या एका अंगाला पेन्सिलीने फुली काढलेली, दुसऱ्या अंगाला गोल. रात्रभर फुली वर होती, आता गोल वर यायचा. डाव्या हातात छोटा टॉर्च, उजव्या हातात अंडे. तीस अंडी, चार मिनिटे. पेटीचे दार त्याहून जास्त उघडे राहिले तर आतली ऊब उतरते आणि ती परत चढायला वीस मिनिटे घेते. त्याचे ओठ मिटलेले होते. जीभ मात्र टाळूला लागून हलकी हलकी वाजत होती. कुक्, कुक्, कुक्. खुडूक कोंबडी बसल्या जागी करते तशी. एका अंड्याला तीनदा, मग पुढचे अंडे.

तिसावे अंडे झाल्यावर त्याने दार लावले, गुडघ्यावर हात देऊन उठला आणि वहीत वेळ लिहिली. मग शेजारची दुसरी पेटी उघडली. तिच्यातही तीस अंडी होती आणि एक छोटा स्पीकर होता. तो दिवसातून काही तास शिट्टीसारखे स्वर आणि कोंबड्यांचा कलकलाट ऐकवत असे. ती आवाजाची पेटी. तिथेही त्याने तेच केले, तसेच केले.

दोडामार्गच्या बाजारापासून साडेतीन किलोमीटरवर, टेकाडाच्या माथ्यावर ही इमारत आहे. पूर्वी इथे काजूचा कारखाना होता. सत्यवान त्यात एकोणीस वर्षे होता, शेवटची अकरा वर्षे मालाची पारख करायला. कारखाना बंद पडल्यावर मालकाने त्याला राखणदार म्हणून ठेवले. चार वर्षांपूर्वी गोव्यातल्या एका विज्ञान संस्थेने जागा भाड्याने घेतली. संस्थेला पाखरांच्या कानावर काम करायचे होते आणि तिच्या स्वतःच्या आवारासमोर महामार्ग रुंद होत होता. इथल्या गोदामाच्या चिऱ्याच्या भिंती दीड हात जाड. आत शिरले की दारातली मोटारसायकल ऐकू येत नाही. संस्थेने इमारत घेतली, आणि इमारतीबरोबर सत्यवान आला. त्याचे काम दर मार्चअखेर संपते आणि एप्रिलमध्ये पुन्हा सुरू होते. त्यासाठी प्रयोगशाळेच्या प्रमुख डॉक्टर सुमय्या मुकादम यांचे चार ओळींचे पत्र लागते. यंदाचे पत्र अजून गेलेले नव्हते.

गावात त्यावरून विनोद आहे. सगळो गाव गोंयात कामाक जाता, आणि गोंय ह्येच्याकडे कामाक येता. सत्यवान त्यावर हसत नाही आणि रागावतही नाही. त्याची बायको शेवंती पहाटे पाचच्या गाडीने गोव्यातल्या एका औषध कंपनीत पाकिटे भरायला जाते आणि संध्याकाळी सातला परतते. शेजारणींना ती सांगते, "घरात दोन शब्द बोलणत नाय, आणि थंय अंड्यांवांगडा गजाली करतत." म्हणजे ही गोष्ट गावाला माहीत होती. प्रयोगशाळेला माहीत नव्हती.

सत्यवान त्रेपन्न वर्षांचा आहे. त्याची आई राधाबाई कोंबड्या पाळायची. एखादी खुडूक अंड्यांवरून मध्येच उठली, किंवा मुंगसाने नेली, तर राधाबाई ती अंडी टोपलीत भाताच्या तुसात ठेवून चुलीच्या अंगाला सरकवायची. दिवसातून तीनदा फिरवायची आणि फिरवताना टाळूवर जीभ वाजवायची. आवाज न ऐकलेले पिल्लू आत आळशी होते, कवचाला चोच मारत नाही, असे तिचे म्हणणे. दहातली आठ अंडी फुटत. सत्यवान सात-आठ वर्षांचा असल्यापासून हे करत आला. पुढे कधी त्याचा विचार केला नाही.

प्रयोगशाळेत त्याची किंमत याच हातामुळे होती. तो येण्याआधी संस्थेत तीस अंड्यांतली सतरा-अठरा तग धरत. त्याच्या हाताखाली पंचवीस-सव्वीस. पेटीत अंडी फिरवणारी मोटर मुद्दाम काढून टाकलेली होती, कारण मोटर घरघरते. म्हणून माणसाचा हात आणला होता. दारावर "शांतता राखा" अशी पाटी होती, इस्पितळात असते तशी, निळी.

कामाचा गाभा त्याला तेजस्वी खोबरेकरने समजावला होता. ती मालवणची, सत्तावीस वर्षांची, पीएचडीच्या शेवटच्या वर्षाला. खालच्या मजल्यावरच्या खोलीत एका जड टेबलासमोर ती रोज सहा-सात तास बसते. अंडे विसाव्या दिवशी फोडले जाते. पिलाच्या मेंदूच्या देठाचे पातळ काप केले जातात, दोन-तीन केसांच्या जाडीचे. प्राणवायूचे बुडबुडे सोडलेल्या खारट पाण्यात हे काप पाच-सहा तास जिवंत राहतात. कानाकडून येणारी तार मेंदूत जिथे पहिल्यांदा उतरते, तिथल्या एकेका पेशीला तेजस्वी काचेच्या नळीचे टोक लावते आणि विजेचा बारीकसा धक्का देते. त्या नळ्या सत्यवान ओढतो. काचेची नळी मधोमध तापवून दोन्हीकडे ओढली की तिचे दोन तुकडे होतात आणि टोकाला केसाच्या सत्तराव्या भागाएवढे भोक उरते. रोज चाळीस नळ्या. पावसाळ्यात यंत्राची उष्णता दोन अंकांनी वाढवावी लागते. हे कुठल्या पुस्तिकेत नाही, सत्यवानच्या वहीत आहे.

त्या पेशींचा स्वभाव तेजस्वीने त्याला पडद्यावर दाखवला होता. मेंदूतल्या बऱ्याच पेशींना लांब धक्का दिला की धक्का चालू असेपर्यंत त्या पुन्हा पुन्हा उसळतात. ही पेशी सुरुवातीला एकदाच उसळते आणि गप्प होते. आवाज नेमका कधी आला, एवढेच तिचे सांगणे. डाव्या कानाला आणि उजव्या कानाला आवाज किती पुढेमागे पोचला, त्यावरून तो कुठून आला हे पाखराला कळते, म्हणून इथे वेळ चुकवून चालत नाही. सत्यवान पडद्याकडे बघून म्हणाला होता की कारखान्यात असा एक गडी होता, हाक मारली की एकदाच "ओ" द्यायचा, दुसऱ्यांदा मेला तरी नाही. तेजस्वी हसली होती. त्या वेळी ती अजून हसत असे.

तिचा प्रश्न असा होता की अंड्यात असताना ज्या पिलाला आवाज मिळालाच नाही, त्याची ही पेशी वेगळी घडते का. तिचा अंदाज होता, घडते. शांततेत वाढलेली पेशी कमी विजेवर उसळेल, कोणी बोलत नसलेल्या घरात भांडे पडले तरी माणूस दचकतो तशी. सात महिने झाले. शांत पेटीतल्या पिलांच्या एकोणऐंशी पेशी मोजून झाल्या, आवाजाच्या पेटीतल्या त्र्याऐंशी. दोन्हींचे आकडे एकमेकांना चिकटून होते. तिची शिष्यवृत्ती एकतीस मार्चला संपणार होती आणि सांगण्यासारखे एकच वाक्य हाती होते: फरक नाही. तिच्या डोळ्यांखाली काळे आले होते. दुपारचा डबा ती अर्धाच खायची आणि उरलेला आवारातल्या कुत्र्याला घालायची. कुत्रे अंगाने सुटले होते.

त्या बुधवारी सकाळी नऊला ती काडेपेटीएवढे एक यंत्र घेऊन सत्यवानकडे आली. तिळारीच्या जंगलाच्या अंगाने हत्ती पुन्हा खाली उतरले होते, केळीच्या बागांत शिरत होते आणि त्यांना हाकलायला लोक फटाक्यांचे बार काढत होते. डॉक्टर मुकादमनी फोनवर विचारले होते की ते बार शांत पेटीत पोचतात का. पोचत असतील तर शांत पेटी शांत कसली? फरक नाही असे लिहिण्याआधी हे तपासायला हवे. यंत्र चोवीस तास आतला प्रत्येक आवाज टिपणार होते.

सत्यवानने विचारले की अंड्यातल्याला एवढे ऐकू येते का. तेजस्वीने सांगितले, बाराव्या दिवसाच्या आसपास ऐकायला लागते. आणि म्हणूनच तर ही सगळी खटपट, काका. बाहेरचा एकही आवाज आत गेलेला नको, नाहीतर दोन पेट्यांत फरक काय राहिला.

"ह्या आत ठेवा, आणि रोज करतास तसाच करा. वेगळा काय करू नकात," ती म्हणाली आणि खाली गेली.

सत्यवानने यंत्र पेटीच्या कोपऱ्यात ठेवले. दार लावले. मग तिथेच स्टुलावर बसला. चार वर्षांत कामाच्या वेळी तो बसल्याचे कोणी पाहिले नव्हते, आणि त्या दिवशीही कोणी पाहिले नाही. पेटीत चौदाव्या दिवसाची अंडी होती.

दुपारी बारा वीसच्या फेरीला त्याने जीभ दातांखाली धरली. पहिली पाच अंडी ठीक गेली. पुढे हात अडखळायला लागला. जिभेच्या तीन टिचक्या म्हणजे एक अंडे, हे मोजमाप त्याच्या बोटांत होते. ते गेल्यावर कुठले फिरवले आणि कुठले राहिले हे टॉर्च मारून बघावे लागले. सतरावे दोनदा फिरले, म्हणजे होते तिथेच आले. चार मिनिटांच्या जागी सात गेली. यंत्राचा हिरवा दिवा कोपऱ्यात जळत होता.

जेवणानंतर तो अंगणात गेला. काजू मोहरला होता. काजूचे पोते विकत घेताना नमुना कसा काढतात, हे त्याने अकरा वर्षे केले होते. पोत्याच्या मधोमध लोखंडी नळी खुपसायची आणि आतला माल हातावर घ्यायचा. विकणारा वरचा थर निवडून ठेवतो, हे दोघांनाही माहीत असते, म्हणून नळी खोल जाते. कुणी नळी खुपसताना पोते हलवले तर सत्यवान ते पोते बाजूला काढायचा, भाव न सांगता. आता नळी त्याच्या पेटीत होती. आणखी दोन फेऱ्या तो गप्प राहिला असता तर नमुना स्वच्छ आला असता, तेजस्वीने "फरक नाही" असे लिहून टाकले असते आणि एप्रिलचे पत्र गेले असते. हे त्याला कळत होते. त्याच्याशिवाय कुणालाच कळले नसते, हेही.

संध्याकाळी सहा वीसला त्याने दार उघडले. पहिले अंडे उचलले आणि रोज करतो तसेच केले. चार मिनिटे लागली. गुरुवारी सकाळी पुन्हा तसेच.

गुरुवारी दहाच्या सुमाराला तेजस्वीने यंत्रातला आवाज संगणकावर उलगडला. आधी तिने फटाके शोधले. बुधवारी रात्री पावणेनऊला तीन बार झाले होते, बाजारपेठेपर्यंत ऐकू गेले होते. पडद्यावरची रेघ त्या जागी सपाट होती. भिंतींनी काम केले होते. तिला बरे वाटले. मग रेघ मागे सरकवताना संध्याकाळच्या सहा वीसला तिला उभ्या काट्यांची रांग दिसली. तीन काटे, थोडी जागा, तीन काटे, थोडी जागा. तिने मोजले. नव्वद.

तिने सत्यवानला बोलावले आणि कानाला लावायचा हेडफोन त्याच्या हातात दिला. त्याने तो लावला नाही.

"काका, हो आवाज कोणाचो?"

"माझो."

"रोज?"

"रोज. तीनय फेऱ्यांक."

"कधीपासून?"

"पयल्या दिवसापासून."

तिने खुर्ची मागे घेतली. बाहेर कोणीतरी पाण्याचा पंप चालू केला आणि बंद केला. तिने विचारले की मग काल दुपारी का नाही. सत्यवान म्हणाला, "दुपारी भियालंय. मगे तू सांगललंस ता आठावला. रोज करतास तसाच करा."

तिने खुर्ची पुन्हा पुढे ओढली. टेबलावरच्या कागदांतून शांत पेटीचे सात महिन्यांचे कागद वेगळे केले, कडा जुळवल्या आणि एका पाकिटात घातले. पाकिटावर काय लिहावे ते तिला सुचेना. तिने नुसती तारीख घातली. सत्यवान दाराशी उभा होता, एका पायावरचा भार दुसऱ्यावर घेत. ती म्हणाली की नळ्या ओढून झाल्या नसतील तर आज ओढू नका. त्याने सांगितले, ओढून झाल्या आहेत. चाळीस.

डॉक्टर मुकादम दर गुरुवारी येतात, त्या बाराला आल्या. मूळच्या बांद्याच्या, व्यापारी घरातल्या. त्या कामाच्या जागी मालवणी बोलत नाहीत आणि आवाज चढवत नाहीत. त्यांनी नव्वद काटे ऐकले, मग सत्यवानला समोर बसायला सांगितले.

"दारावरची पाटी तुम्ही वाचली होती?"

"वाचली होती, मॅडम."

"मग?"

"मी बोलत नव्हतो. अंडी फिरवत होतो."

डॉक्टर मुकादमनी पेन उघडले. त्यांनी तेजस्वीला विचारले की शांततेचे कारण यांना कधी सांगितले होते. तेजस्वी म्हणाली, काम आधी समजावले होते, हे कारण मात्र काल. त्यावर त्यांनी मान हलवली आणि काहीतरी टिपून घेतले.

तेजस्वीला एकच गोष्ट जाणून घ्यायची होती. फरक दिसला नाही तो या टिचक्यांमुळे का? दिवसातून बारा मिनिटे, बाराव्या दिवसापासून पुढे, एवढा आवाज पेशीला पुरतो का?

"पुरत असेल. नसेलही," डॉक्टर मुकादम म्हणाल्या. "या एकोणऐंशी पेशींवरून आता ते कळणार नाही. त्या शांत गटाच्या नाहीत, एवढंच नक्की आहे."

त्यांनी भिंतीवरच्या दिनदर्शिकेवर बोट ठेवून दिवस मोजले. उद्या, सहा फेब्रुवारीला, नवी अंडी ठेवली तर एकतीस मार्चपर्यंत दोन खेपा बसतात. तिसरी बसत नाही. दोन्ही पेट्यांत सध्या असलेली अंडी भिंतीकडच्या दोन जादा पेट्यांत हलवायची. ती कुठल्याच गटात धरायची नाहीत. सत्यवानच्या पत्राबद्दल त्या म्हणाल्या की पत्र जाईल, आणि त्यात हे सगळे असेल. टिचक्या, दुपारची गप्प फेरी आणि त्यानंतरच्या दोन फेऱ्याही. पुढचे संस्था ठरवील. तोवर अंडी फिरवायला दुसरा हात त्यांच्याकडे नाही.

"जीभ गप्प ठेवणं जमेल?"

सत्यवानने खरे ते सांगितले. हात चालला की जीभ चालते, मॅडम. काल दुपारी दातांखाली धरली तर हात चुकला.

संध्याकाळी शेवंती सातच्या गाडीने आली. त्याने तिला सांगितले. तिने चपला काढल्या, पाय धुतले, आणि तोंड पुसता पुसता एवढेच विचारले की पत्र कधी जाणार. सोमवारी, तो म्हणाला. ती भाकऱ्या थापायला बसली. जेवताना म्हणाली की माहेरी विहिरीवरून देवाचे पाणी आणताना बोलायचे नसे, तर तिची काकी तोंडात पाण्याची चूळ धरून चालायची, घरी येईपर्यंत. बडबडी होती म्हणून.

शुक्रवारी दुपारी बारा वीसला सत्यवानने पेल्यातले पाणी तोंडात घेतले आणि एका जादा पेटीतली अंडी फिरवली. यंत्र आत होते, तेजस्वी दाराशी घड्याळ धरून उभी होती. पाच मिनिटे दहा सेकंद. शेवटच्या अंड्यानंतर तो बाहेर जाऊन चूळ थुंकून आला. तिने रेघ तपासली. कवच जाळीला घासल्याची खरखर, दार, आणि मधे काही नाही.

"हात चुकलो?" तिने विचारले.

"नाय. पण नवी अंडी जगाची नाय," तो म्हणाला. "आवाजाबिगर ठेवलली. बघ तू. तिसांतली पंधरा."

"जगली नाय तर ताय लिवून ठेवूया," तेजस्वी म्हणाली. ती हसली नाही, पण त्या दिवशी डबा पूर्ण खाल्ला.

चार वाजता कुडाळहून अंड्यांची गाडी आली. सत्यवानने साठ अंडी निवडली, तीस तीस. प्रत्येकावर एका अंगाला फुली, दुसऱ्या अंगाला गोल. दोन्ही पेट्यांचा पारा अडतीसच्या जरा वर स्थिरावल्यावर त्याने अंडी आत ठेवली, फुली वर. यंत्र आता शांत पेटीत कायमचे राहणार होते, आणि आवाजाच्या पेटीतही तोंडात पाणी घ्यायचे ठरले होते, दोन्हीकडे हात सारखाच पडावा म्हणून. त्याने वहीत पान उलटले, वर "दिवस पहिला" लिहिले, आणि फडताळावर स्टीलचा पेला उपडा ठेवला.

उद्या शनिवार. पहिली फेरी सकाळी सहा वीसला आहे, शांत पेटीपासून. गोल वर येईल.